भंगलेले हृदय पुन्हा सांधता येईल काय?

आपली शाळा ज्या धंतोलीत आहे, त्या धंतोलीला नागपूरचे लोक आता दवाखान्यांची वस्ती म्हणूनच ओळखतात. शाळा सुटल्यावर पंचशील चौकाकडे किंवा लोकमत चौकाकडे निघालेल्या विद्यार्थ्याला वाटेत किती तरी रुग्णालयांच्या पाट्या वाचावयास मिळतात. त्यांवरील शब्द मुले पाठ करून येतात व दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांचे अर्थ विचारतात. अशाच एका शब्दासंबंधी, म्हणजे 'स्टेम सेल' ह्या शब्दासंबंधी, चार गोष्टी सांगण्याचे मी योजिले आहे. त्याला निमित्त मात्र विद्यार्थ्याचे नसून एका पालकाचे झाले.

काही दिवसांपूर्वी काटोलकडील एक गृहस्थ मला भेटावयास आले. त्यांचा मुलगा आपल्या शाळेत शिकतो. त्यांच्या वडील बंधूंना हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, परंतु दहा पावले चालले की धाप लागे. कोठून तरी त्यांच्या हाती एक छापील पत्रक पडले होते. दूरच्या एका शहरात मूलपेशी टोचून हृदय पूर्ववत करून देतात, असे त्यात म्हटले होते; खर्चाचा आकडाही सांगण्यात आला होता. ते मला म्हणाले, "सर, तुम्ही विज्ञान शिकविता. हे खरे असेल तर संत्र्याची बाग विकून टाकतो. दादा आहे तर बाग आहे." त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. जे मी त्यांना त्या दिवशी व पुढील आठवड्यात सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

प्रथम हृदय काय आहे ते पाहू. आपल्या मुठीएवढा हा स्नायूंचा गोळा मिनिटास सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसास सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतो आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त खेळवितो. सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या ह्या अवयवाला स्वतःलाही रक्त लागते. त्याच्या पोकळीतून एवढे रक्त वाहत असले तरी ते त्याच्या जाड भिंतींत मुरत नाही. त्यासाठी महारोहिणीच्या मुळापासूनच दोन लहान रोहिणी निघून हृदयाच्या पृष्ठभागावर पसरतात व फांद्या फुटत फुटत भिंतींत शिरतात.

संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या कशा टाकलेल्या असतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. एक नळी तुंबली की तिच्यावरची झाडे सुकू लागतात. शेजारच्या ओळीतील झाडे हिरवीच राहतात. हृदयाच्या झटक्यात नेमके हेच होते. रोहिणीच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षे मेदाचे थर साचतात. एखादे दिवशी असा एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बनते व प्रवाह बंद पडतो. त्या नळीवर अवलंबून असलेल्या स्नायूपेशी अर्ध्या तासाच्या आतबाहेर मरू लागतात आणि काही तासांत त्यांतील बहुतेक मरून जातात. मोठ्या झटक्यात अशा सुमारे १०० कोटी पेशी नष्ट होतात असा अंदाज आहे.

हाताला कापले तर कातडी भरून येते. हाड मोडले तर सांधते. मग हृदयाची जखम का भरून येत नाही? भरून येते, पण स्नायूने नव्हे. मेलेल्या स्नायूच्या जागी चिवट तंतूंचा एक वण तयार होतो. हा वण निरुपयोगी नाही; तो नसता तर हृदयाची भिंत फाटली असती. पण वण आकुंचन पावत नाही. बैलगाडीच्या जोडीतील एक बैल बसला की दुसऱ्यावर सगळा भार पडतो, तसा उरलेल्या स्नायूवर भार पडतो. तो ताणला जातो, हृदय फुगते व दुबळे होते. निरोगी हृदयाची डावी जवनिका आपल्यात भरलेल्या रक्ताच्या शंभर भागांपैकी निम्म्याहून अधिक भाग एका ठोक्यात बाहेर फेकते. दुबळ्या हृदयात हा आकडा ३० किंवा त्याहूनही खाली येतो. मग पायांवर सूज येते, रात्री उशाला दोन उशा घ्याव्या लागतात आणि जिना हा डोंगर होतो.

हृदयाच्या स्नायूपेशी मुळीच नव्या होत नाहीत, असे पूर्वी समजत. ते अगदी खरे नाही, हे मोठ्या चतुराईने सिद्ध करण्यात आले. १९५० नंतरच्या काळात उघड्या आकाशाखाली अणुबाँबच्या चाचण्या झाल्या व हवेतील एका किरणोत्सर्गी कर्बाचे प्रमाण वाढले. १९६३ च्या करारानंतर ते पुन्हा हळूहळू उतरत गेले. तो कर्ब वनस्पतींच्या द्वारे अन्नात व अन्नातून माणसांच्या पेशींत उतरला. ज्या वर्षी पेशी जन्मली त्या वर्षाची खूणच जणू तिच्यावर उमटली. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली ह्या खुणा वाचून दाखविले की, २५ वर्षांच्या माणसाच्या हृदयात वर्षाला शंभरापैकी सुमारे १ स्नायूपेशी नवी येते व ७५ व्या वर्षी हे प्रमाण अर्ध्यावर येते. संहाराच्या शस्त्राने झालेल्या हवेच्या दोषातून जीवनाविषयीचे असे सत्य हाती लागावे, ही खचित विचार करण्याजोगी गोष्ट होय. परंतु इतक्या मंद गतीने १०० कोटी पेशींची भर कशी व्हावी?

निसर्गाला हे काम सर्वस्वी अशक्य आहे असेही नाही. झेब्रा नावाचा एक बोटभर लांबीचा पट्टेदार मासा आहे. त्याच्या जवनिकेचा पाचवा भाग कापून टाकला तरी तो सुमारे दोन महिन्यांत पुन्हा वाढतो, असे २००२ साली दिसून आले. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलालाही हे साधते. पण ते सात दिवसांचे झाले की ती शक्ती लोपते. ह्याचा अर्थ असा की, हृदय घडविण्याची विद्या आपल्या शरीराला एकदा येत होती व पुढे ती मिटून ठेवली गेली. ती पुन्हा उघडता येईल काय, हाच मूलपेशींच्या सर्व संशोधनाचा प्रश्न आहे.

आता मूलपेशी म्हणजे काय? ह्याचे उत्तरही आपल्या बागेतच आहे. संत्र्याचे झाड बहुधा बी पेरून लावीत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा एक डोळा बांधतात. पान पानच राहते, काटा काटाच राहतो. पण त्या लहानशा डोळ्यात खोड, फांदी, पान, फूल आणि फळ ह्या सर्वांची शक्ती साठविलेली असते. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी पानांसारख्या आहेत. त्यांचे काम ठरून गेलेले आहे. काही थोड्या मात्र डोळ्यासारख्या आहेत. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी निर्माण करतात व प्रसंग पडेल तशा निरनिराळ्या कामांच्या पेशींनाही जन्म देतात. ह्याच मूलपेशी होत. सर्वच मूलपेशींची शक्ती सारखी नसते, हे येथे ध्यानात धरावे. गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेतील मूलपेशी शरीरातील कोणतीही पेशी होऊ शकते. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी मुख्यतः रक्ताच्याच पेशी निर्माण करते. पुढे जो घोटाळा झाला, तो हा भेद विसरल्याने झाला.

अस्थिमज्जेतील मूलपेशींचा उपचार ही काही नवी किंवा संशयास्पद गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन बरे करण्यात आले. भारतातील ह्या पहिल्या मज्जारोपणाचे श्रेय डॉ. सुरेश अडवाणी यांना आहे. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता व चाकांच्या खुर्चीवरून त्यांनी आपले सारे कार्य केले. ही विद्या त्यांनी अमेरिकेत सिॲटल येथे डॉ. डॉनल टॉमस यांच्यापाशी अभ्यासिली होती. टॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज हा उपचार रक्ताच्या अनेक रोगांवर सर्वमान्य झाला आहे. मज्जेच्या पेशीने रक्त घडवावे, हे तिचे स्वाभाविक काम आहे. म्हणूनच तो यशस्वी होतो.

मग कोणास असे वाटले की, हीच पेशी हृदयात नेऊन सोडली तर ती हृदयही घडवील. २००१ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉ. पिएरो आन्व्हर्सा व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. मज्जेतील पेशी टोचल्यावर मेलेल्या भागात नवा हृदयस्नायू भरून आला, असे त्यात म्हटले होते. जगभर आनंदाची लाट उसळली. त्याच वर्षी जर्मनीत ड्यूसेलडॉर्फ येथे एका रुग्णाच्या हृदयरोहिणीत त्याच्याच मज्जेतील पेशी सोडण्यात आल्या. पाठोपाठ देशोदेशी असे उपचार सुरू झाले. आपला देशही त्यात मागे राहिला नाही.

परंतु विज्ञानात एकाने पाहिलेले दुसऱ्यालाही दिसावे लागते. २००४ साली अमेरिकेतील दोन निराळ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग अधिक काळजीपूर्वक, पेशींवर न पुसणारी खूण करून, केला. मज्जेच्या पेशी हृदयात जाऊनही रक्ताच्याच पेशी राहिल्या. त्यांचा हृदयस्नायू झाला नाही. हृदयातच वेगळ्या मूलपेशी असतात, असाही दावा आन्व्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला होता. त्याची गत याहून वाईट झाली. २०१८ साली हार्वर्डची वैद्यकीय शाळा व तिच्याशी संलग्न रुग्णालय यांनी चौकशीअंती कळविले की, त्या प्रयोगशाळेच्या ३१ निबंधांत बनावट किंवा फेरफार केलेली माहिती असून ते मागे घेतले जावेत. विद्यार्थ्यांनो, प्रयोगवहीत मनाप्रमाणे आकडा लिहू नका, असे मी वर्गात वारंवार का सांगतो, हे ह्यावरून कळेल. एका प्रयोगशाळेतील खोट्या आकड्यांमागे किती शास्त्रज्ञांची वर्षे, किती द्रव्य आणि किती रोग्यांची आशा वाया गेली, ह्याचा हिशेब कोण मांडणार?

आता येथे चाणाक्ष वाचक विचारील की, ज्या रोग्यांना पेशी टोचल्या त्यांतील कित्येकांना बरे वाटले, तपासणीत त्यांच्या हृदयाचा जोरही वाढलेला आढळला, त्याचे काय? हा प्रश्न महत्त्वाचा आहे व त्याचे उत्तर प्रत्येक पालकाने नीट समजून घ्यावे. झटक्यानंतर हृदयाचा जो भाग हालेनासा होतो, तो सगळाच मेलेला नसतो. काही भाग नुसता सुन्न झालेला असतो; नळी उघडून रक्त मिळू लागले की तो काही आठवड्यांत आपोआप कामाला लागतो. म्हणून पेशी टोचा, साखरेचे पाणी टोचा किंवा काहीच टोचू नका, कित्येकांच्या हृदयाचा जोर वाढतोच. पेशींचा गुण कळावयाचा असेल तर रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. दोन्ही गटांना उत्तम औषधोपचार द्यावयाचा, पेशी मात्र एकाच गटाला द्यावयाच्या आणि शेवटी दोन्ही गटांची तुलना करावयाची. एकट्या रोग्याच्या 'आधी' आणि 'नंतर' ह्या दोन आकड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. आणि पत्रकांत छापतात ते नेमके हेच दोन आकडे!

असे न्याय्य प्रयोग झाले. हॅनोव्हर येथील प्रयोगात सहा महिन्यांनी पेशीवाल्या गटाचे पारडे जड दिसले. अठरा महिन्यांनी तो फरक जवळजवळ विरून गेला. २००६ साली जर्मनीतील एका प्रयोगात थोडा लाभ दिसला, तर त्याच वर्षी नॉर्वेतील प्रयोगात काहीच दिसला नाही. आपल्या देशात सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. वेलू नायर व त्यांचे सहकारी यांनी २५० रोग्यांवर असा प्रयोग करून त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या हृदयाचा जोर जवळजवळ सारखाच वाढलेला आढळला. युरोपात ह्या प्रश्नाचा कायमचा निकाल लावण्यासाठी ३००० रोग्यांचा मोठा प्रयोग योजिला होता. परंतु रोगी पुरेसे मिळाले नाहीत व २०२० साली केवळ ३७५ रोग्यांवरच तो संपला. मृत्यूचे प्रमाण पेशींमुळे घटते, असे त्यावरून ठरविता आले नाही.

टोचलेल्या पेशींचे होते तरी काय? धडधडणाऱ्या हृदयात सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक काही तासांत वाहून जातात, उरलेल्या काही दिवसांत वा आठवड्यांत मरतात. जे थोडे हित होते ते त्यांच्यातून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे किंवा शरीराच्या संरक्षक पेशी जाग्या झाल्यामुळे होत असावे. २०२० साली एका प्रयोगात तर उंदरांना मारलेल्या पेशी टोचल्या, तरी वण काहीसा सुधारला! म्हणजे बागेत डोळा बांधला म्हणून आपण आनंद मानीत होतो. प्रत्यक्षात डोळा वाळून गेला होता व थोडेसे खत तेवढे मिळाले होते.

तर मग ही वाट बंदच झाली काय? नाही. एक वाट बंद झाली, दुसरी उघडली. तिची कथा एका शाळकरी मुलापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये ईटन येथील शाळेत जॉन गर्डन नावाचा मुलगा १९४९ साली जीवशास्त्रात २५० मुलांत शेवटचा आला. त्याच्या शिक्षकाने प्रगतिपुस्तकात लिहिले की, ह्याला शास्त्रज्ञ व्हावयाचे आहे असे ऐकतो, पण ती कल्पना अगदी हास्यास्पद आहे. त्याच मुलाने पुढे १९६२ साली बेडकाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यातून बेडकाचे पिलू निर्माण केले. पान झालेल्या पेशीतही डोळ्याची सर्व शक्ती मिटलेल्या स्वरूपात शिल्लक असते, हे त्याने दाखवून दिले. २००६ साली जपानात क्योतो येथे डॉ. शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशीत केवळ चार जनुके घालून तिला पुन्हा मूलपेशी बनविले. पुढल्याच वर्षी माणसाच्या पेशीवरही ते साधले. २०१२ साली गर्डन व यामानाका यांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. गर्डन यांनी ते प्रगतिपुस्तक चौकटीत बसवून आपल्या खोलीत लावले होते. आम्हा शिक्षकांनी शेरे लिहिताना ते स्मरणात ठेवावे.

यामानाकांच्या शोधाचे आणखी एक महत्त्व आहे. तोपर्यंत सर्वशक्तिमान मूलपेशी मिळविण्यासाठी काही दिवसांचा मानवी गर्भ मोडावा लागे. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे त्या प्रथम मिळविण्यात आल्या. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईस परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीया व त्यांचे सहकारी यांनी 'काइंड १' व 'काइंड २' ह्या नावांचे मानवी मूलपेशींचे दोन वंश तयार केले आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पूर्वपेशी कशा घडतात ह्याचा अभ्यास केला. ह्या कामी कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारात शिल्लक राहिलेले व मातापित्यांनी संमतीने दिलेले गर्भ घेतात. तरीही आरंभीच्या त्या जीवाला माणूस म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्यासारख्या श्रद्धावंतांचे मन तेथे अडखळते. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीतून मूलपेशी मिळू लागल्यामुळे हा पेच पुष्कळ सैल झाला आहे.

अशा मूलपेशींना ठरावीक दिवशी ठरावीक द्रव्ये दिली की सुमारे दोन आठवड्यांत काचेच्या बशीत त्यांचा खराखुरा हृदयस्नायू बनतो व तो आपण होऊन धडधडू लागतो. मज्जेच्या पेशींना जे कधी साधले नाही ते येथे साधले. अडचणी मात्र पुढेच आहेत. २०१४ साली सिॲटल येथे अशा १०० कोटी पेशी माकडांच्या जखमी हृदयांत टोचल्या. त्या जगल्या, जुन्या स्नायूशी जोडल्याही गेल्या. पण माकडांच्या हृदयांची लय काही काळ बिघडली. भजनाच्या मेळ्यात नवा टाळकरी आपल्याच ठेक्याने वाजवू लागला म्हणजे जे होते तेच तेथे झाले. आणि हृदयात बेताल होणे हे प्राणावर बेतू शकते. एखादी मूलपेशी पूर्ण न घडता तशीच राहिली तर तिची गाठ होण्याचे भय आहे. परक्या माणसाच्या पेशी असल्या तर शरीर त्या नाकारते, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात.

तरी पावले पुढे पडत आहेत. जानेवारी २०२० मध्ये जपानात ओसाका विद्यापीठात हृदयपेशींचे पातळ पडदे एका रोग्याच्या हृदयावर बसविण्यात आले. जर्मनीत गटिंगेन येथील संशोधकांनी अशा पेशींची ठिगळेच विणली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात माकडांबरोबर एका ४६ वर्षांच्या स्त्रीचीही हकीकत आहे. तिच्या दुबळ्या हृदयावर ठिगळे शिवली व तीन महिन्यांनी तिला दुसऱ्याचे हृदय मिळाले. काढून ठेवलेले जुने हृदय तपासता त्यावरील ठिगळांतील स्नायू जिवंत असून त्यात रक्तवाहिन्याही शिरलेल्या आढळल्या. डोळा खुंटावर जगला, असे म्हणता येईल. त्याला फळ किती येते, हे मात्र अद्याप पाहावयाचे आहे.

म्हणून आजची खरी स्थिती अशी सांगता येईल की, झटक्यानंतर हृदय सांधण्याचा मूलपेशींचा उपचार हा अद्याप संशोधनाचा विषय आहे. विकत घेण्याचा माल नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक नियमांतही हेच म्हटले आहे. रक्तरोगांवरील मज्जारोपणासारखे मान्य उपचार सोडले तर अन्य रोगांवर मूलपेशींचा वापर फक्त रीतसर मंजूर झालेल्या प्रयोगातच करावयाचा असतो.

त्या काटोलच्या गृहस्थांना मी डॉक्टर नाही हे प्रथमच सांगितले व चार प्रश्न एका कागदावर लिहून दिले. हा प्रयोग सरकारच्या नोंदवहीत नोंदलेला आहे काय, व असल्यास त्याचा क्रमांक कोणता? नीतिविषयक समितीची मंजुरी आहे काय? प्रयोग आहे तर पैसे कशाचे मागता? आणि ज्यांना पेशी दिल्या नाहीत त्यांच्याशी तुलना केलेला निकाल कोठे छापला आहे? पत्रकावरील दूरध्वनीवर त्यांनी हे प्रश्न विचारले. पहिल्या तिहींना उत्तर मिळाले नाही. चौथ्याला, 'तुम्हाला भाऊ हवा आहे की कागद?' असे उत्तर मिळाले. ते ऐकून त्यांना फार दुःख झाले व मलाही झाले. कारण प्रेमाच्या माणसाला कोठे दुखते हे त्या उत्तर देणाऱ्याला पक्के ठाऊक होते. बाग विकली गेली नाही. बंधूंना त्यांनी आपल्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पुन्हा नेले. औषधे, मिठावर बंधन, रोज वजन पाहणे व हळूहळू वाढविलेले चालणे, एवढेच तेथे सांगण्यात आले. धाप अजून आहे, पण पूर्वीपेक्षा कमी आहे. चमत्कार झाला नाही, हे मी मुद्दाम लिहितो.

अखेरीस पालकांना एक विनंती आहे. मेलेला स्नायू परत आणणे आज कोणाच्या हाती नाही. पण मरू घातलेला वाचविणे पुष्कळांच्या हाती आहे, आणि ते केवळ घड्याळावर अवलंबून आहे. छातीत दडपण येते, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे सरकते, दरदरून घाम फुटतो, तेव्हा 'पित्त झाले असेल' किंवा 'गॅस धरला' असे म्हणून सोडा पिऊन पडून राहू नये. स्त्रियांत व मधुमेही माणसांत तर दुखण्याऐवजी नुसती धाप वा थकवाही असतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध किंवा फुग्याने नळी उघडण्याचा उपचार जितका लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो. पहिल्या तासाची किंमत पुढील सबंध दिवसाला नाही. आणि त्याहूनही स्वस्त उपचार म्हणजे नळी तुंबू न देणे. रक्तदाब व साखर तपासावी, रोज चालावे, विडी सोडावी. आणि आपल्या नागपुरात चौकाचौकांत घोटला जाणारा खर्राही सोडावा. तंबाखू ओठाखाली धरली म्हणून ती हृदयापर्यंत पोचत नाही, असे समजू नये.

विद्यार्थिमित्रहो, ज्या काचेच्या बशीत आज हृदयाचा एक कण धडधडतो आहे, त्या कणाला मोठ्या हृदयाच्या ठेक्यात कसे आणावे, हे अद्याप कोणास पूर्ण साधलेले नाही. ते काम तुमच्या पिढीसाठी उरले आहे. ते करावयास बुद्धी लागेल, धीर लागेल. पण सर्वांत अधिक लागेल तो खरेपणा. जे दिसले तेच लिहावे, न दिसलेले लिहू नये, आणि दुःखी माणसाला आशा देताना ती आपल्याजवळ आहे की नाही हे आधी पाहावे.

— एक शिक्षक